भिंतीतले खांब : सिराक्यूज पाहताना

मंडळाच्या ग्रुपवर मी टाकलेले फोटो पाहून तुमच्यापैकी तिघाचौघांनी एकच प्रश्न विचारला. चर्चच्या भिंतीत हे भलेमोठे खांब अर्धे आत, अर्धे बाहेर असे का? कुणाला वाटलं डागडुजी चालू आहे. एकीने तर बांधणाऱ्याचं डोकं फिरलं होतं का, असंच विचारलं. ग्रुपवर दोन ओळींत उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून हा लेख.

शहराचं नाव सिराक्यूज. इटालियन लोक सिराकूझा म्हणतात. सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं बेट, आणि त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर हे शहर आहे. त्याचा सर्वांत जुना भाग मात्र आणखी एका चिमुकल्या बेटावर आहे, ओर्तिजियावर. मधलं पाणी इतकं अरुंद की पूल ओलांडताना आपण बेट बदललं हे ध्यानातही येत नाही. इ.स.पू. ७३४ च्या सुमारास ग्रीसमधल्या कॉरिंथहून आलेल्या लोकांनी इथे वस्ती केली. जागा का निवडली ते तिथे उभं राहिलं की कळतं. दोन्ही बाजूंना बंदर, आणि समुद्राला अगदी लागून गोड्या पाण्याचा झरा. या झऱ्याला अरेथूसा म्हणतात. आज त्याभोवती कठडा आहे, पाण्यात बदकं पोहतात आणि मधोमध पपायरसचं हिरवंगार बेट उगवलेलं आहे. ज्याच्यापासून इजिप्तमध्ये कागद करायचे तीच ही लव्हाळ्यासारखी वनस्पती. शहराजवळच्या च्याने नदीकाठी ती आपली आपण वाढते, आणि गावात पपायरसचं स्वतंत्र संग्रहालयही आहे.

आता खांबांकडे येऊ. इ.स.पू. ४८० मध्ये हिमेरा इथे सिराक्यूजचा सत्ताधीश गेलोन याने कार्थेजच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर ओर्तिजियाच्या सर्वांत उंच जागी अथेना देवीचं देऊळ उभं राहिलं. समोर सहा खांब, बाजूला चौदा. दारांवर सोनं आणि हस्तिदंत होतं, भिंतींवर लढाईची चित्रं होती. हे आपल्याला कळतं ते सिसेरोच्या भाषणांतून, कारण व्हेरेस नावाच्या रोमन सुभेदाराने हा ऐवज लुटला आणि सिसेरोने त्याच्यावर खटला चालवला. लुटीची यादी झाली म्हणून देवळाचं वैभव कळलं, असा सगळा प्रकार.

सातव्या शतकात या देवळाचं चर्च झालं. ते कसं केलं, हे समजून घेण्यासारखं आहे. ग्रीक देऊळ आणि आपलं देऊळ यांत एक साम्य आहे : मधे गाभारा, आणि त्याला वळसा घालणारी मोकळी वाट. ग्रीक देवळात या वाटेच्या बाहेरच्या कडेने खांब असतात. भक्तमंडळी बाहेर अंगणात, बळीची वेदीही बाहेरच. आत मूर्ती आणि पुजारी. चर्चचं नेमकं उलटं. तिथे सगळी मंडळी आत हवीत. म्हणून कारागिरांनी दोन कामं केली. बाहेरच्या खांबांमधल्या मोकळ्या जागा दगडांनी बुजवून टाकल्या, म्हणजे खांबांचीच भिंत झाली. आणि गाभाऱ्याच्या लांब भिंतींत दोन्ही बाजूंना आठ आठ कमानी फोडल्या, म्हणजे गाभारा मधला सभामंडप झाला आणि प्रदक्षिणेची वाट त्याच्या बाजूच्या ओळी झाली. देवळाचं तोंड पूर्वेला होतं. चर्चमध्ये वेदी पूर्वेला आली, म्हणून दार पश्चिमेला काढलं. इमारत जागच्या जागी, फक्त आतून बाहेर आणि पुढून मागे फिरवलेली! फोटोतले अर्धे आत अर्धे बाहेर खांब ते हे. बाहेरच्या गल्लीत उभं राहून त्यांना हात लावता येतो. मी लावला. दगड खरबरीत आहे आणि उन्हाने तापलेला होता.

पुढे ८७८ मध्ये अरबांनी कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर शहर घेतलं, मोठी कत्तल झाली, आणि या इमारतीची मशीद झाली असं सांगतात. अकराव्या शतकात नॉर्मन आले, पुन्हा चर्च. १६९३ च्या भूकंपात दर्शनी भाग पडला आणि अठराव्या शतकात आंद्रेआ पाल्मा याने आजचं नक्षीदार बरोक तोंड बसवलं. चौकातून पाहिलं तर हेच तोंड दिसतं. आत पाऊल टाकेपर्यंत मागे अडीच हजार वर्षं उभी आहेत याची काही खूण नाही. आत बाप्तिस्म्याचं पात्र आहे, तेही जुनं ग्रीक संगमरवरी भांडं, कांस्याच्या छोट्या सिंहांवर ठेवलेलं.

हा विषय गोव्याच्या माणसाने सांगायचा म्हणजे जरा जपून. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये झुआरी ओलांडून प्रियोळला गेला, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरात अजून सांगितलं जातं. सिराक्यूजचं उदाहरण देऊन "बघा, तिकडे सगळं कसं गुण्यागोविंदाने झालं" असं म्हणणं खोटं ठरेल. तिथे चर्च झालं तेव्हा अथेनेची पूजा बंद होऊन दोनेक शतकं उलटली होती. ती बंद झाली तीही राजाज्ञेने. ८७८ मध्ये तर तलवारच होती. पण एक गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते. ज्या इमारतीत कुणी ना कुणी येत राहिलं, तिचं छप्पर कुणी ना कुणी शाकारत राहिलं. जुन्या गोव्यातलं सेंट ऑगस्टिनचं चर्च १८३५ मध्ये ओस पडलं आणि १८४२ मध्ये त्याचं छत कोसळलं. मधे फक्त सात वर्षं. आता मनोऱ्याचा एक भाग तेवढा उभा आहे. अथेनेचे खांब त्याच्या कितीतरी पट जुने, पण त्यांच्यावर अजून छप्पर आहे.

ओर्तिजियातून बाहेर पडून अर्धा-पाऊण तास चाललं की नेआपोलिस नावाचं पुरातत्त्व उद्यान लागतं. इथलं ग्रीक नाट्यगृह डोंगराच्या खडकात कोरलेलं आहे, व्यास सुमारे १३८ मीटर. नाटककार एस्किलस स्वतः सिराक्यूजला येऊन गेला आणि त्याची नाटकं इथे झाली. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी वरचे बांधीव दगड काढून किल्ल्याला वापरले. जे खडकात कोरलेलं होतं ते उचलता येईना म्हणून राहिलं. १९१४ पासून इथे पुन्हा ग्रीक नाटकं होतात.

नाट्यगृहाच्या बाजूलाच जुन्या दगडखाणी आहेत. त्यांतली एक 'डायोनिसियसचा कान' म्हणून प्रसिद्ध : २३ मीटर उंच, ६५ मीटर खोल, आत वळत गेलेली गुहा. कुजबुजलं तरी आवाज घुमतो. लोक आत जाऊन गाणी म्हणतात, टाळ्या वाजवतात. बाहेर लिंबाची झाडं, सावली, मंद वारा. सगळं इतकं छान की फलक वाचायचं राहूनच जातं.

वाचायला हवं मात्र. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सने सिराक्यूज जिंकायला प्रचंड आरमार पाठवलं. दोन वर्षांनी ते पुरतं बुडालं. थ्यूसिडिडीस लिहितो की किमान सात हजार कैदी या शहराच्या खाणींत कोंडले गेले. वर छप्पर नाही. दिवसा ऊन, रात्री गारठा. माणशी रोज साधारण पाव लिटर पाणी आणि अर्धा लिटर धान्य, असं आठ महिने. मेलेले तिथेच, जिवंतांच्या शेजारी. प्लुटार्कने आणखी एक गोष्ट दिली आहे : ज्यांना युरिपिडीसच्या नाटकांतले उतारे पाठ होते अशा काहींना सिराक्यूजच्या लोकांनी सोडून दिलं, कारण त्यांना ते काव्य ऐकायची भारी हौस. साहित्य मंडळाला ही गोष्ट नक्की आवडेल, पण ज्यांना पाठ नव्हतं त्यांचं काय, हाही प्रश्न मंडळानेच विचारायचा. माझ्यासोबत चाललेल्या गाइडने कानाची आणि घुमणाऱ्या आवाजाची गंमत दहा मिनिटं सांगितली. कैद्यांना एक वाक्य मिळालं.

आर्किमिडीस इथलाच. इ.स.पू. २१२ मध्ये रोमनांनी शहर घेतलं तेव्हा तो एका सैनिकाच्या हातून मारला गेला. सव्वाशेहून अधिक वर्षांनी सिसेरोने त्याची समाधी झाडाझुडपांतून शोधून काढली; गोल आणि वृत्तचिती कोरलेला छोटा स्तंभ पाहून त्याने ती ओळखली. नंतर ती पुन्हा हरवली. आज 'आर्किमिडीसची समाधी' म्हणून जे दाखवतात ते रोमन काळातलं दुसरंच थडगं आहे. त्याच्या लिखाणाची कथा मात्र याहून भारी. तेराव्या शतकात एका लिपिकाने जुन्या चर्मपत्रांवरची शाई खरवडून त्यावर ख्रिस्ती प्रार्थना लिहिल्या. खाली आर्किमिडीस होता. प्रार्थनापुस्तक म्हणून ते जपलं गेलं, आणि १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने पुसट अक्षरं वाचली. इतर कुठेही न उरलेला त्याचा एक ग्रंथ त्यात निघाला. खरवडणाऱ्याला दोष द्यावा की त्याचे आभार मानावेत, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाओलो ऑर्सी संग्रहालयाला निदान अर्धा दिवस द्या. बहुतेक लोक लांदोलिना व्हीनस हा मस्तक नसलेला पुतळा पाहायला धावतात. मला दोन वेगळ्या गोष्टींनी थांबवलं. एक, मेगारा हिब्लेआ इथे सापडलेली चुनखडीची बसलेली बाई. इ.स.पू. सहाव्या शतकातली, डोकं तुटलेलं, आणि दोन्ही बाळांना एकदम पाजतेय. अंग रुंद, पदर दोन्ही हातांनी बाळांभोवती ओढलेला. दुसरी गोष्ट म्हणजे हत्ती! स्पिनागालो गुहेत सापडलेले खुज्या हत्तींचे सांगाडे. पूर्ण वाढलेला हत्ती जेमतेम मीटरभर उंच. बेटावर चारा कमी, मोठे शिकारी प्राणी नाहीत, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अंग लहान होत गेलं. हत्तीच्या कवटीत सोंडेच्या जागी मधोमध मोठं भोक असतं. ते पाहूनच ग्रीकांना एकडोळ्या राक्षसाची, सायक्लोप्सची कल्पना सुचली असावी, असा तर्क ओथेनियो आबेल याने १९१४ मध्ये मांडला. पुरावा नाही, पण कवटीसमोर उभं राहिलं की पटायला लागतं.

याच संग्रहालयात अडेल्फियाची शवपेटी आहे, चौथ्या शतकातली. १८७२ मध्ये ती सान जिओव्हानीच्या भुयारी दफनभूमीत सापडली. मधे शिंपल्यात नवराबायको, भोवती बायबलमधले प्रसंग दाटीवाटीने कोरलेले. संत पौल रोमला कैदी म्हणून जाताना माल्टाहून निघून इथे तीन दिवस थांबला, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या २८ व्या अध्यायात आहेच. एका ओळीचा मुक्काम, पण गाव तो विसरलेलं नाही.

गावाची खरी लाडकी संत मात्र लुसिया. ती इथलीच, ३०४ मध्ये हुतात्मा झाली. १३ डिसेंबरला तिची चांदीची मूर्ती मिरवत नेतात. १६४६ च्या दुष्काळात गव्हाने भरलेली जहाजं बंदराला लागली आणि भुकेल्या लोकांनी दळण्याची वाट न पाहता गहू तसाच शिजवून खाल्ला, अशी आठवण सांगतात. म्हणून त्या सणाला 'कुच्चीया' करतात, म्हणजे अख्खे गहू शिजवून गोड केलेले. बेळगावकडच्या मंडळींना गव्हाची खीर आठवेल. गूळ-नारळाऐवजी तिथे त्यात रिकोटा चीज घालतात.