नभोवाणीचा श्रोता आणि संगणक : श्रवणाकडून संग्रहाकडे

प्रस्तावना :

नभोवाणीवरून उच्चारलेला शब्द ऐकता ऐकताच नाहीसा होतो. ग्रंथाचे पान पुन्हा उलटता येते, वृत्तपत्राचे कात्रण जपता येते. प्रसारित झालेले भाषण मात्र कोणी ध्वनिमुद्रित केले नसेल तर श्रोत्याच्या स्मरणाखेरीज कोठेच उरत नाही. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्यानंतरच्या काळात मराठीतील असंख्य व्याख्याने, श्रुतिका, कीर्तने व मुलाखती प्रसारित झाल्या. त्यांपैकी कितीतरी आज ऐकावयास मिळत नाहीत. प्रस्तुत लेखकाने एम.फिल.साठी नभोनाट्य हा विषय घेतला तेव्हा छापील संहिता मिळाल्या. परंतु ज्या आवाजासाठी त्या लिहिल्या गेल्या, तो आवाज दोन-तीन नाटकांपलीकडे हाती लागला नाही. प्रयोग न पाहता नाटकाची समीक्षा लिहावी, तसाच तो प्रकार झाला.

ही उणीव पुढच्या अभ्यासकाला भासू नये यासाठी नभोवाणी ऐकणारा प्राध्यापक आपल्या घरच्या संगणकावर काय करू शकतो, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही.

थेट प्रसारण ऐकणे व मुद्रित करणे :

आकाशवाणीच्या अनेक केंद्रांचे प्रसारण प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर या अ‍ॅपवर व संकेतस्थळावर ऐकता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात सुरू झालेल्या वेव्ह्ज या मंचावरही नभोवाणी आहे. महाजालावरील आवाज प्रत्यक्ष प्रसारणापेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असतो; म्हणून त्यावरील वेळेच्या ठोक्यांवर घड्याळ लावू नये.

मुद्रणासाठी ऑडॅसिटी ही मोफत आज्ञावली पुरेशी आहे. २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेली ही आज्ञावली कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मली. विंडोज संगणकावर तिच्यात 'वासापी' हा पर्याय निवडून लूपबॅक असे नाव असलेले साधन घेतले की संगणकातून येणारा आवाज कोणत्याही तारेशिवाय मुद्रित होतो. मात्र त्या वेळी आलेल्या संदेशाची टिंगटिंगही त्यात उतरते, हे ध्यानात ठेवून सूचनांचे आवाज आधी बंद करावेत.

रेडिओ संच वापरणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. मध्यम लहरींवरील कार्यक्रमात संगणक सुरू करताच घरघर सुरू होते. हा दोष बहुधा केंद्राचा नसतो. चार्जर व एलईडी दिवे यांतील विद्युतमंडले त्याच पट्ट्यात गोंगाट निर्माण करतात. चार्जर काढून संगणक बॅटरीवर चालवावा, संच दूर ठेवावा आणि तो थोडा थोडा फिरवून पाहावा. आतील फेराइट दांडीचा अँटेना दिशेनुसार कमी-अधिक ग्रहण करतो, त्यामुळे एखाद्या कोनात गोंगाट बराच उतरतो.

जुन्या ध्वनिफिती :

खरी निकड येथे आहे. चालू कार्यक्रम उद्याही मुद्रित करता येतील. कपाटातील कॅसेट दरवर्षी थोडी थोडी खराब होत आहे, आणि ती वाजविणारे यंत्रही दुर्मिळ होत चालले आहे.

प्रथम कॅसेटच्या कडेचा छोटा प्लास्टिकचा तुकडा तोडावा, म्हणजे चुकून वर दुसरे मुद्रण होणार नाही. यंत्राचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडविलेल्या कापसाने पुसावे. फीत एकदा शेवटपर्यंत नेऊन परत आणावी. नंतर यंत्राचे हेडफोनचे छिद्र व संगणक यांना दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेल्या तारेने जोडावे. अडचण अशी की, आजच्या लॅपटॉपला बहुधा माइकचेच छिद्र असते आणि ते नाजूक आवाजासाठी बनविलेले असल्याने कॅसेटचा आवाज तेथे फाटतो. लाइन-इन असलेले छोटे यूएसबी उपकरण घेणे श्रेयस्कर. ऑडॅसिटीतील आवाजाची पट्टी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. साठ मिनिटांच्या फितीला साठ मिनिटेच लागतात. घाई करता येत नाही.

मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक या प्रकारात ठेवावी. स्टिरिओतील वेव्ह फाइल तासाला सहाशे एमबीहून अधिक जागा घेते. भाषणाला मोनो पुरते, म्हणजे जागा निम्मी लागते. फ्लॅक आवाजात काहीही न गमावता आणखी जागा वाचवितो. वर्गात ऐकविण्यासाठी एमपी-३ ची वेगळी प्रत करावी; ६४ केबीपीएसला एक तास तीस एमबीच्या आत बसतो. खरखर काढण्याची सोय ऑडॅसिटीत आहे, पण ती प्रतीवरच वापरावी. अतिउत्साहाने खरखर काढली की वक्ता पाण्याखालून बोलल्यासारखा भासतो.

फाइलचे नाव वर्ष-महिना-दिनांक या क्रमाने सुरू करावे व पुढे केंद्र, वक्ता, विषय लिहावा. तिच्या प्रती किमान दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. दिनांक नसलेले मुद्रण ऐकण्यास आनंददायी असते, संशोधनास जवळजवळ निरुपयोगी.

कायद्याची बाजू :

'हे चालते का?' असा प्रश्न सहकारी नेहमी विचारतात. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ नुसार प्रसारणावरील हक्क प्रसारणानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून पंचवीस वर्षे टिकतो. परंतु मुद्रण करणाऱ्याच्या खाजगी वापरासाठी अथवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाने या हक्काचा भंग होत नाही, असे कलम ३९ सांगते. भाषणाचा लेखक, गाण्याचा कवी व संगीतकार यांचे हक्क निराळे असतात व अधिक काळ टिकतात. तेव्हा वर्गापुरता वापर आणि महाजालावर सर्वांसाठी खुले करणे, यांत मोठे अंतर आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या गटात फाइल टाकणारे हे अंतर विसरतात.

एक अनुभव :

आमच्या विभागातील एका निवृत्त सरांनी मागील वर्षी एक कॅसेट आणून दिली. 'चिंतन' सदरातील त्यांचे पाच मिनिटांचे भाषण तीत होते. कोणत्या वर्षीचे, हे त्यांनाही आठवत नव्हते. वेष्टनावर फक्त 'माझे भाषण' एवढेच लिहिलेले. भाषण सुरू होण्यापूर्वीचे दोन मिनिटांचे मुद्रण 'निरुपयोगी' म्हणून मी कापणारच होतो, तोच सकाळच्या सभेच्या उद्घोषणेत निवेदिकेने सांगितलेला दिनांक कानी पडला : भारतीय सौर ५ श्रावण, शके १९०६. म्हणजे २७ जुलै १९८४. त्या दिवसापासून कोणत्याही फितीचा आगापिच्छा मी कापत नाही. उद्घोषणा, मधली शांतता, पुढच्या कार्यक्रमाचे तुटक शब्द, सारे तसेच ठेवतो. सरांनी भाषण दोनदा ऐकले. दुसऱ्या वेळी त्यांनी एका उच्चाराची चूक काढली आणि ती फाइलच्या टिपणात नोंदवून ठेवण्यास मला सांगितले.