रंगाखालची चीर

गोंदिया जिल्हा हा भाताचा आणि तलावांचा प्रदेश आहे. येथील कित्येक मुले-मुली भाताच्या बांध्यांमधून, तलावाच्या पाळीवरून किंवा सालेकसा-देवरीकडील जंगलातल्या चढउतारांच्या वाटांनी सायकलीवरून शाळेत जातात. अशा वाटांवर जाड टायरांची, गिअर असलेली सायकल फार उपयोगी पडते. तिला माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटेची सायकल म्हणतात. नवी सायकल महाग असते. म्हणून पुष्कळ कुटुंबे वापरलेली सायकल विकत घेतात. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र पैसे मोजण्यापूर्वी सायकलीचा सांगाडा नीट पारखून घेतला पाहिजे.

सांगाड्यालाच एवढे महत्त्व का? टायर झिजले तर बदलता येतात, ब्रेक सैल झाले तर आवळता येतात. पण उतारावर सांगाडा मोडला, तर बसणाऱ्याला सावरण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १९७० नंतरच्या काळात काही तरुण जुन्या सायकली घेऊन टॅमलपाइस नावाच्या डोंगरावरून खाली येत असत. सपाट रस्त्यांसाठी बनविलेले ते सांगाडे धक्क्यांनी वाकत व मोडत. तेव्हा त्यांच्यापैकी जो ब्रीझ याने १९७७ मध्ये डोंगरवाटेसाठीच खास मजबूत सांगाडा तयार केला.

एखादी तार एकदा वाकविली तर ती तुटत नाही. पण त्याच जागी ती पुनःपुन्हा वाकविली, तर तिचे दोन तुकडे होतात. लहान लहान धक्क्यांनीही धातूला असाच शीण येतो. गोंदिया हे रेल्वेचे जंक्शन आहे. तेथून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकांचे आसही असे ताण सतत सोसत असतात. फ्रान्समध्ये १८४२ साली एका इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला व अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने आसांवर पुष्कळ वर्षे प्रयोग केले. एका घावाने न मोडणारा धातूही लक्षावधी लहान ताणांनी मोडू शकतो, हे त्याने दाखवून दिले.

पोलादाच्या बाबतीत ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला, तर तो बहुधा दीर्घकाळ टिकतो. अॅल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नसते. म्हणून सांगाडा कशाचा आहे, हे आधी ओळखावे. त्यासाठी लोहचुंबक पुरेसा आहे. साध्या पोलादाला तो चिकटतो, अॅल्युमिनियमला चिकटत नाही.

आता पारख कशी करावी ते पाहू. प्रथम सांगाडा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसावा. कारण चिखलाखाली चीर दडून राहते. नंतर उजेडात प्रत्येक जोड न्याहाळावा. हँडलची नळी जेथे इतर नळ्यांना मिळते ती जागा, पायडलांचा आस बसतो त्याच्या आसपासचे जोड आणि बैठकीच्या नळीचे वरचे तोंड या जागा विशेष महत्त्वाच्या होत. केसाएवढी काळी रेघ दिसली, तर तेथे नख फिरवावे. नख अडले, तर चिरेचा संशय धरावा. हँडलच्या मागे, खालच्या नळीवर रंगाला सुरकुत्या पडल्या असतील, तर सायकल समोरून कशावर तरी जोरात आदळली असावी. सांगाड्याच्या एखाद्याच भागाला ताजा रंग दिला असेल, तर त्याचे कारण विचारावे.

बैठकीचा दांडा बाहेर काढून नळीत विजेरीचा प्रकाश टाकावा. पावसाचे पाणी आत साचून पोलादी नळी आतून गंजते. बाहेरचा रंग मात्र तसाच चकचकीत राहतो. दांडा मुळीच हलत नसेल, तर तोही एक दोषच समजावा.

सांगाडा वाकडा आहे काय, हे दोऱ्याने कळते. मागील चाक बसते त्या एका खाचेला दोरा बांधावा. तो हँडलच्या नळीला पुढून वळसा देऊन दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणावा. मग बैठकीच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर पट्टीने मोजावे. दोन अंतरांत ठळक फरक आढळला, तर सांगाडा वाकलेला आहे, असे समजावे.

चिरलेला अॅल्युमिनियमचा सांगाडा कोणी वेल्डिंग करून दिला, तरी त्यावर विसंबू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाभोवतीचा धातू मऊ पडतो. त्याला पुन्हा योग्य ती उष्णता-प्रक्रिया दिल्याशिवाय पहिले बळ येत नाही. शेवटी सांगाड्यावर कोरलेला क्रमांक पाहून तो पावतीवर लिहून घ्यावा. क्रमांक घासून टाकलेला असेल, तर सायकल चोरीची असण्याचा संभव असतो. ती घेऊ नये.

मुलांनो, बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो आणि कुंभाराला त्याचा राग येत नाही. सायकल पारखून घेण्यातही संकोच वाटण्याचे कारण नाही. पुढे तुमची सायकल विकण्याची वेळ येईल, तेव्हा तिच्यातील दोष घेणाऱ्याला आपण होऊन सांगा. त्यामुळे कदाचित चार पैसे कमी मिळतील. परंतु त्या सायकलीवरून उतार उतरणारे दुसरे एखादे मूल सुखरूप घरी पोहोचेल.