जुन्या यंत्रावर नवे गाणे

गाताना चूक झाली तर ती मागाहून दुरुस्त करता येते, ही सोय आजच्या ध्वनिमुद्रणात इतकी अंगवळणी पडली आहे की, एके काळी ती नव्हती याचा सहसा विसर पडतो. वादक आज येऊन आपला भाग वाजवून जातो, गायक उद्या येतो, आणि संगणकावर त्या तुकड्यांची जुळणी होते. लंडनच्या केंटिश टाउन भागातील तीन भावंडांनी ही सोय समजून उमजून नाकारली. थोरली डेझी, मधला लुईस आणि धाकटी किटी, आडनाव डरहॅम. अमेरिकेतील जुन्या रॉक अँड रोल संगीतास त्यांनी आजच्या श्रोत्यांसाठी पुन्हा जिवंत केले. ते कसे साधले, हे पाहण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज आणि दक्षिणेकडील गोऱ्या ग्रामस्थांचे गाणे यांच्या संगमातून हे संगीत उदयास आले. त्याचा ठसका काही अंशी साधनांच्या तुटपुंजेपणातून आला होता. १९५४ साली मेंफिस येथील सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत एल्विस प्रेस्ली प्रथम गाजला, तेव्हा त्याच्या साथीस एक विजेची गिटार आणि एक उभा बास एवढीच वाद्ये होती. तिघेही एकाच खोलीत, एकाच वेळी गात-वाजवीत. फिलिप्स तो आवाज दुसऱ्या एका टेपयंत्रातून फिरवून आणीत. त्या यंत्रात आवाज नोंदणारा भाग आणि ऐकविणारा भाग यांच्यामध्ये किंचित अंतर असल्यामुळे तोच स्वर क्षणाच्या अंशाने मागाहून पुन्हा उमटे. त्या काळच्या मुद्रिकांतील ओळखीचा प्रतिध्वनी तो हाच.

डरहॅम भावंडांना हे ज्ञान घरातच लाभले. वडील ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातील जाणकार, तर आई इन्ग्रिड वाइस पूर्वी ‘द रेनकोट्स’ या वाद्यवृंदात ड्रम वाजवीत असत. पुढे मुलांच्या कार्यक्रमांत वडील गिटारवर आणि आई उभ्या बासवर साथ करू लागली. भावंडांचा पहिला संग्रह २००८ साली प्रसिद्ध झाला. तो घरातच, जुन्या यंत्रांच्या साहाय्याने, संगणकाचा स्पर्श होऊ न देता केलेला होता. त्यांनी आपली गाणी मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवरही काढली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावते. म्हणून पाल्हाळास वावच नाही. भारतात या तबकड्या पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक काळ निघत राहिल्या. बीटल्सची काही गाणीही येथे त्याच रूपात विकली गेली.

यावर एक आक्षेप सहज सुचतो. हे सारे केवळ अनुकरण नव्हे काय? पोशाख जुना, यंत्र जुने, चाल जुनी. मग त्यात नवे ते काय? आक्षेप अगदीच निराधार नाही. पहिल्या संग्रहात दुसऱ्यांची जुनी गाणीच अधिक होती. परंतु २०११ च्या ‘स्मोकिंग इन हेवन’ या दुसऱ्या संग्रहातील गाणी भावंडांनी स्वतः रचली, आणि रॉक अँड रोलच्या जोडीस जमैका बेटावरील स्का संगीताचा ठेकाही घेतला. २०१५ च्या तिसऱ्या संग्रहासाठी त्यांनी लंडनच्या कॅम्डन टाउन भागातील एका बंद पडलेल्या भारतीय उपाहारगृहात स्वतःचा टेपचा स्टुडिओ उभारला. त्याचे दिग्दर्शन ‘द क्लॅश’ या प्रसिद्ध वृंदातील मिक जोन्स यांनी केले. तंबोरा शंभर वर्षांचा असला म्हणून त्यावर गायिलेली चीज शिळी ठरत नाही. तोच न्याय येथेही लावावा लागेल.

तिन्ही भावंडे रंगमंचावर वाद्यांची अदलाबदल करतात. आता ड्रमवर बसलेली किटी पुढच्या गाण्यास हार्मोनिका हाती घेते. एकमेकांची लय लहानपणापासून कानात मुरलेली असल्यावाचून हे साधत नाही. जेथे चूक मागाहून पुसता येत नाही, तेथे प्रत्येकास दुसऱ्याकडे कान लावूनच वाजवावे लागते, आणि रॉक अँड रोलचा प्राण या सावधपणातच होता. जुनी गाणी तबकड्यांत सुरक्षित राहतात. ती गाण्याची शिस्त मात्र कोणी तरी पुन्हा अंगी बाणविली तरच टिकते. या तीन भावंडांनी जपले ते हेच.