हायब्रिड गादी नेमकी कोणासाठी? शरीराचे वजन, झोपण्याची ढब आणि खिशाचे गणित

नवी गादी घेण्यासाठी दुकानात गेलेल्या कुटुंबासमोर आज 'हायब्रिड' हा शब्द हमखास येतो. पंधरा हजार रुपयांची गादी हायब्रिड असते आणि ऐंशी हजारांचीही. दोन्हींची खोळ पांढरीशुभ्र, शिवण देखणी आणि हमी दहा वर्षांची. आत काय आहे हे मात्र बाहेरून कळत नाही. कापसाच्या गादीचा व्यवहार उघड असे. कापूस वजनावर घेतला जाई, पिंजारी तो समोर पिंजत असे आणि काही वर्षांनी गादी दबली की तोच कापूस पुन्हा पिंजून नव्या खोळीत भरला जाई. हायब्रिड गादीला अशी दुरुस्ती नाही. तिचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. एकदा खड्डा पडला की तो भरून निघत नाही. त्यामुळे खरेदीच्या वेळी घेतलेला निर्णय पुढची सात-आठ वर्षे पाठीला आणि खिशाला निभवावा लागतो.

हायब्रिड म्हणजे काय, हे समजण्यासाठी तिच्या दोन भागांची कामे वेगळी करून पाहावी लागतात. खालचा भाग स्प्रिंगांचा असतो आणि त्याचे काम शरीराचा भार पेलण्याचे. वरचा भाग फोम किंवा लेटेक्सचा असतो. खांदा, नितंब, टाच अशा टोकदार जागांवरचा दाब वाटून घेणे हे त्याचे काम. स्प्रिंगांच्या गाद्यांमध्ये जुना आणि स्वस्त प्रकार बॉनेलचा. त्यात डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून एका बाजूला कोणी उठले की दुसरी बाजूही हलते. जेम्स मार्शल या अभियंत्याने १९००च्या सुमारास प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या स्वतंत्र पिशवीत बसवण्याची कल्पना मांडली. तीच आजची पॉकेट स्प्रिंग. ती शेजारणीला फारसे न ओढता एकटी दबते. मेमरी फोमचा जन्म याहून बराच अलीकडचा. अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेच्या विमान-आसनांविषयीच्या कामातून १९६६मध्ये तो पुढे आला आणि नंतर गाद्यांमध्ये शिरला.

या हिशेबाने, खाली पॉकेट स्प्रिंग आणि वर किमान दोन इंचांचा फोम किंवा लेटेक्स असलेली गादी खऱ्या अर्थाने हायब्रिड म्हणावी. भारतीय बाजारात मात्र या शब्दाला एकच ठरलेला अर्थ उरलेला नाही. काथ्यावर फोमचा थर दिलेली गादी आणि दोन जातींचे फोम एकावर एक चिकटवलेली गादीही याच नावाने विकली जाते. अशा गाद्या वाईट असतात असे नव्हे. काथ्यावर फोम असलेली गादी अनेकांना उत्तम मानवते. पण तिला स्प्रिंगांच्या गादीची किंमत देण्याचे कारण नाही. म्हणून विक्रेत्याला विचारण्याचा पहिला प्रश्न हाच: आत स्प्रिंग आहे का, आणि असल्यास पॉकेट की बॉनेल?

कडक गादीचा समज

पाठ दुखत असेल तर कडक अंथरुणावर, शक्यतो फळीवर किंवा जमिनीवर झोपावे, हा सल्ला भारतात घरोघरी दिला जातो. त्याला चांगला धक्का देणारी चाचणी स्पेनमध्ये झाली आणि २००३मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कंबरेच्या जुनाट दुखण्याचा त्रास असलेल्या ३१३ प्रौढांना कडक किंवा मध्यम-कडक गाद्या चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटून देण्यात आल्या. कोणाला कोणती गादी मिळाली, हे त्यांना सांगितले नव्हते. ९० दिवसांनंतर मध्यम-कडक गादीवर झोपणाऱ्यांना अंथरुणातील व उठतानाच्या वेदनांपासून अधिक आराम मिळाल्याचे आणि त्यांच्या दैनंदिन हालचालींतील अडचणही अधिक घटल्याचे आढळले. या निष्कर्षावरून मऊ गादी घ्यावी असा अर्थ काढणे चूक ठरेल. तुलना कडक आणि मध्यम-कडक यांच्यातच होती. फार मऊ गादीत कंबर खाली जाते आणि कणा झोळीसारखा वाकतो.

मध्यम-कडक ही संज्ञाही सर्वांसाठी सारखी नाही. पंचावन्न किलो वजनाच्या व्यक्तीला जी गादी कडक वाटते, तीच पंच्याण्णव किलोंच्या व्यक्तीला मऊ लागते. दुकानातील लेबलावर छापलेला 'मीडियम फर्म' हा शिक्का कोणाच्या शरीरावरून ठरवला, हे लेबल सांगत नाही.

कोणी कशी निवडावी

कुशीवर झोपणाऱ्यांचा भार खांदा आणि नितंब या दोन अरुंद जागांवर येतो. तेथे गादीने थोडी जागा द्यावी लागते, नाहीतर सकाळी खांदा आखडतो, हाताला मुंग्या येतात. अशांना वरचा आरामाचा थर दोन ते तीन इंचांचा, मध्यम मऊपणाचा हवा. वजन कमी असेल तर हे अधिकच लागू होते, कारण हलके शरीर कडक थराला दाबूच शकत नाही. उताणे झोपणाऱ्यांसाठी मध्यम-कडक गादी बहुधा योग्य ठरते. पालथे झोपणाऱ्यांना मात्र वरचा थर पातळ आणि गादी कडकच हवी. मऊ थरात पोट व कंबर रुतली की मणक्याच्या खालच्या भागावर रात्रभर ताण राहतो.

दुकानात याची परीक्षा सोपी आहे, पण ती कोणी करत नाही. गादीच्या काठावर बसून हाताने दाबून पाहण्यात काही हशील नाही. घरी ज्या स्थितीत झोप लागते त्याच स्थितीत दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे. उताणे असताना कंबरेखालून हात अगदी सहज आरपार जात असेल तर गादी कडक आहे. हात सरकवणेच कठीण जात असेल तर ती फार मऊ आहे. कुशीवर झोपल्यावर सोबतच्या माणसाने पाठीमागून पाहावे. मानेपासून कंबरेपर्यंतची रेषा सरळ दिसली पाहिजे.

वजन नव्वद-शंभर किलोंच्या पुढे असेल तर हायब्रिड गादीचा खरा फायदा दिसतो. निव्वळ फोमची गादी अशा भाराखाली लवकर बसते, तर चांगल्या स्प्रिंगा तो बराच काळ पेलतात. मात्र तार जाड हवी. येथे एक घोळ होतो. तारेची जाडी गेजमध्ये सांगितली तर आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. मिलिमीटरमध्ये विचारले की हा गोंधळ टळतो. पती-पत्नींच्या वजनात मोठा फरक असेल किंवा एकाची पाळी रात्रीची असेल, तेव्हाही पॉकेट स्प्रिंगला पर्याय कमीच.

वृद्धांच्या बाबतीत गादीच्या मऊपणाइतकीच तिची उंची महत्त्वाची असते आणि नेमकी तीच विसरली जाते. सामान ठेवण्याच्या बॉक्स बेडची उंची सोळा इंच धरली आणि त्यावर दहा इंचांची हायब्रिड गादी टाकली, तर बसण्याची जागा जमिनीपासून सव्वीस इंचांवर जाते. पाच फूट उंचीच्या आजींचे पाय तेथून जमिनीला टेकत नाहीत. रात्री उठताना पडण्याचा धोका अशा पलंगावर वाढतो. त्यांच्यासाठी सहा इंचांची गादी बरी, किंवा कमी उंचीचा पलंग. गादीची कडही भक्कम हवी, कारण उठताना सगळा भार कडेवरच येतो. तान्ह्या बाळांना तर मेमरी फोमसारख्या रुतणाऱ्या पृष्ठभागावर झोपवूच नये. त्यांच्यासाठी सपाट आणि घट्ट अंथरूणच सुरक्षित.

हवामानाचा हिशेब

मेमरी फोम तापमानानुसार बदलतो. थंडीत तो ताठर होतो, उष्णतेत सैल पडतो. म्हणूनच दिल्ली किंवा ग्वाल्हेरच्या जानेवारीत जी गादी फळीसारखी वाटते, तीच मे महिन्यात पायाखाली चिखल असावा तशी रुतते. शिवाय हा फोम शरीराला लपेटून घेत असल्याने उष्णता धरून ठेवतो. 'कूलिंग जेल' मिसळल्याने सुरुवातीचा स्पर्श गार लागतो, पण रात्रभराच्या उकाड्यावर त्याचा भरवसा धरू नये. लेटेक्स रबराच्या झाडाच्या चिकापासून बनते आणि केरळ हे देशातील रबराचे प्रमुख राज्य असल्याने ते भारतात सहज उपलब्ध आहे. तापमानाने त्याचा स्वभाव फारसा बदलत नाही, ते लगेच पूर्वस्थितीत येते आणि टिकतेही जास्त. महाग आणि जड असणे हे त्याचे दोष. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनीही ते टाळावे.

मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई, कोलकाता अशा दमट ठिकाणी हायब्रिड गादीची जमेची बाजू म्हणजे स्प्रिंगांमधून खेळणारी हवा. पण तीच गादी सलग प्लायवूडच्या बॉक्स बेडवर ठेवली की खालून हवा कोंडते. पावसाळ्यात गादीच्या तळाला कुबट वास येतो, बुरशीचे ठिपके दिसतात. प्लायला काही भोके पाडून घेणे हा सुताराच्या तासाभराच्या कामाचा उपाय आहे. पट्ट्यांचा पलंग असेल तर पट्ट्यांमधील अंतर तीन इंचांहून अधिक नसावे. नाहीतर स्प्रिंगा फटीत दबतात.

किती पैसे, कशासाठी

सहा फूट बाय पाच फूट मापाच्या गादीचा ढोबळ विचार केला तर पंधरा हजारांच्या आत मिळणारी हायब्रिड गादी बहुतेक वेळा तडजोडीची असते. स्प्रिंगा, चांगला फोम आणि मजबूत खोळ तिन्ही या पैशांत बसत नाहीत, आणि काटछाट होते ती न दिसणाऱ्या फोममध्ये. एवढीच ऐपत असेल तर हायब्रिडचा हट्ट सोडून चांगल्या घनतेची फोमची किंवा काथ्या-फोमची गादी घेणे शहाणपणाचे. वीस ते चाळीस हजारांच्या पट्ट्यात पॉकेट स्प्रिंग आणि बऱ्यापैकी फोम मिळू शकतो. बहुतेक कुटुंबांची गरज येथे भागते. तीस हजारांची गादी आठ वर्षे टिकली तर खर्च रात्रीला सुमारे दहा रुपये पडतो. तीच चार वर्षांत बसली तर वीस. चाळीस हजारांच्या पुढे पैसे मोजायचे असतील तर ते लेटेक्सच्या जाड थरासाठी मोजावेत, नक्षीदार खोळीसाठी नव्हे.

फोमचा दर्जा ओळखण्याचा एकच हाती लागणारा आकडा म्हणजे घनता, अर्थात एका घनमीटर फोमचे किलोतील वजन. आरामाच्या थरासाठी साधा फोम ३२ किंवा त्याहून अधिक घनतेचा असावा. मेमरी फोम ५०च्या आसपास असेल तर चांगला. मात्र घनता म्हणजे कडकपणा नव्हे. जास्त घनतेचा फोम मऊही असू शकतो. घनता सांगते ती टिकण्याची ताकद. बाजारात '१०० डेन्सिटी' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले दिसते, तेव्हा तो बहुधा बॉन्डेड फोम असतो, म्हणजे फोमच्या कात्रणांचा दाबून केलेला ठोकळा. तळाला तो चालतो, पण त्या आकड्याची तुलना साध्या फोमशी करता येत नाही. स्प्रिंगांच्या संख्येचेही तसेच. हजारांतील आकड्यात एक-दोन इंचांच्या छोट्या स्प्रिंगांचा वरचा थरही मोजलेला असू शकतो.

मापाबाबत भारतात एक खास अडचण आहे. सुताराकडून करवून घेतलेले पलंग ठरलेल्या मापाचे असतातच असे नाही. ७२, ७५ आणि ७८ इंच अशा तिन्ही लांबी घरांत आढळतात. फोमची गादी कापून बसवता येते, स्प्रिंगांची येत नाही. म्हणून पलंगाच्या आतील चौकटीचे माप आधी घ्यावे. खास मापाची मागणी नोंदवल्यास परतीची सवलत सहसा मिळत नाही.

ऑनलाइन विक्रेते शंभर रात्रींची चाचणी देतात, ती जरूर वापरावी. नव्या गादीशी शरीर जुळायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या चार रात्रींवरून निकाल लावू नये. हमीपत्रात मात्र एक ओळ शोधावी: गादी किती दबली तर ती सदोष मानली जाईल? एक ते दीड इंचाची अट सर्रास असते आणि ती गादीवर कोणी झोपलेले नसताना मोजली जाते. एका इंचाहून कमी दबलेल्या गादीनेही पाठ दुखू शकते, पण त्याला हमी लागू होत नाही. गादीवर चहाचा किंवा पाण्याचा डाग असला तरी हमी नाकारली जाऊ शकते. पहिल्या दिवसापासून हजार-दीड हजारांचे जलरोधक आच्छादन घालण्याचे कारण हेच. बहुतेक हायब्रिड गाद्यांना वरची बाजू एकच असल्याने त्या उलटता येत नाहीत. दर तीन-चार महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवावी. गादीचे वजन तीस-चाळीस किलोंच्या घरात असते, तेव्हा या कामाला दोन माणसे लागतात. नवी गादी घरी पोहोचवणारे जुनी घेऊन जाणार का, हेही पैसे देण्याआधी विचारून घ्यावे.