पांढरा, पण कोणता पांढरा?

कापड बाजारात तीस वर्षे काढलेल्या माणसाला पांढऱ्या रंगाबद्दल कोणी शिकवायला आले तर तो हसतो. मीही हसलो होतो. भिवंडीतील आमच्या घराचे स्वयंपाकघर नव्याने करायचे ठरले तेव्हा पेंटर मिस्त्रीने शेडकार्ड उघडून विचारले, "सेठ, पांढरा कोणता देऊ?" मी म्हणालो, पांढरा म्हणजे पांढरा. कार्डावर वीसएक पांढरे होते. मी दुकानातून लट्ठ्याचा एक तुकडा मागवला, त्याच्या हातात दिला आणि सांगितले, असा. त्या तुकड्यापायी स्वयंपाकघर दोनदा रंगवावे लागले आणि घरात एक अपघातही झाला. ईद किंवा लग्न जवळ आले की आपल्याकडे घरोघरी रंग काढतात. तेव्हा माझा अनुभव वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

आधी कापडाचे सांगतो, कारण चूक तिथूनच सुरू झाली. मागावरून उतरलेला कोरा ताका पांढरा नसतो, मळकट पिवळसर असतो. प्रोसेसमध्ये तो उकळतात, हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच करतात. तरीही पिवळेपणाची थोडी झाक राहतेच. ती घालवण्यासाठी पूर्वी नीळ देत. नीळ पिवळेपणा मारते, पण कापड किंचित काळवंडते. डोळ्याला मात्र ते जास्त पांढरे वाटते. नंतर टिनोपालसारखी चकाकी देणारी द्रव्ये आली. ती सूर्यप्रकाशातील न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतात आणि त्यांचा निळसर उजेड करून बाहेर टाकतात. म्हणजे नवा कुर्ता त्याच्यावर पडलेल्या दिसणाऱ्या उजेडापेक्षा जास्त उजेड परत देतो. गिऱ्हाईक ज्याला 'झकास सफेद' म्हणते ते हेच.

भिंतीच्या रंगात ही युक्ती चालत नाही. आजच्या सर्व चांगल्या पांढऱ्या रंगांचा जीव टायटॅनियम डायऑक्साइड या भुकटीत असतो आणि त्यातील रूटाइल नावाचा प्रकार अतिनील किरण स्वतःच गिळून टाकतो. चकाकीच्या द्रव्याला काम करायला काही उरतच नाही. शिवाय जांभळा उजेडही ही भुकटी थोडा खाते, म्हणून निव्वळ पांढऱ्या रंगालाही पिवळसर झाक असते. ती लपवायला कंपन्या निळ्या, जांभळ्या किंवा काळ्या रंगाचा अंश मिसळतात. घरी करून पाहा. नवा रुमाल किंवा झेरॉक्सचा कोरा कागद दिवसा खिडकीजवळच्या पांढऱ्या भिंतीला लावा, भिंत लगेच पिवळी दिसेल. कागदातही तेच द्रव्य असते. तेव्हा रंगाचा नमुना कधीही कागदाशी किंवा कापडाशी ताडून पाहू नये. मी नेमके तेच केले. दुकानदाराच्या यंत्राने लट्ठ्याशी जुळवता जुळवता मला निळ्या झाकेचा, थंड पांढरा काढून दिला.

काळ्या रेतीचा सफेदा

व्यापाराचे पान आहे म्हणून या मालाची थोडी हकीकत. शेकडो वर्षे पांढरा रंग म्हणजे शिशाचा सफेदा. तो विषारी. १९२१ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरांच्या आतील रंगकामात त्याचा वापर आवरण्यासाठी करार केला. त्याच सुमारास टायटॅनियमचा पांढरा बाजारात येत होता. १९१६ च्या आसपास नॉर्वे आणि अमेरिकेत त्याचे उत्पादन सुरू झाले होते. गंमत अशी की हा पांढरा निघतो काळ्या रेतीतून. तिला इल्मेनाइट म्हणतात. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम ग्रेगर या पाद्रीने १७९१ साली अशाच काळ्या रेतीत हा धातू ओळखला. आपल्याकडे केरळात कोल्लमजवळ चवरा येथे तिचे मोठे साठे आहेत आणि तिथे कारखानाही आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही ही रेती सापडते. कोकणातील वाचकांनी लहानपणी पायाखाली तुडवलेली काळी चमकती वाळू ती हीच.

शिशाची गोष्ट मात्र जुनी झाली म्हणून सोडून देऊ नका. भारतात घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी लावलेल्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, हिरव्या रंगांत. जुनी कपाटे, दारे घासायची असतील तर कोरडी घासू देऊ नका. पाणी लावून घासा, नाकाला कपडा बांधा, लहान मुलांना त्या दिवशी आजोळी पाठवा.

टाइल्स आधी, रंग नंतर

आता माझ्या स्वयंपाकघराकडे. मिस्त्रीने काम चांगले केले, त्याला दोष नाही. भिंत सुकली आणि घरच्यांनी पहिली तक्रार केली ती भिंतीची नाही, टाइल्सची. "या धुतल्या नाहीत का?" टाइल्स नव्या होत्या, महाग होत्या, पण त्यांचा पांढरा सायीच्या अंगाचा होता. निळ्या झाकेच्या भिंतीशेजारी त्या तेलकट, जुन्या दिसू लागल्या. टाइल्स काढणे परवडण्यासारखे नव्हते. इथेच नियम समजून घ्यावा: जे बदलणे महाग, त्याच्याकडे पाहून रंग घ्यायचा. ओट्याचा दगड, टाइल्स, फरशी, सनमायका ही आधी. रंगाचा डबा सर्वांत स्वस्त, म्हणून तो सर्वांत शेवटी. दुकानात जाताना लट्ठा नव्हे, उरलेली टाइल पिशवीत घालून न्यावी.

आमच्या ओट्याची खिडकी पूर्वेला आहे आणि समोरची इमारत विटकरी रंगाची आहे. दुपारनंतर ऊन त्या इमारतीवर आदळून आमच्या भिंतीवर येते, तेव्हा पांढऱ्यावर गुलाबी छटा चढते. सकाळी तीच भिंत दवाखान्याच्या वॉर्डासारखी दिसायची. समोर झाड असेल तर हिरवी छटा येते. पांढरा रंग स्वतःचे फार थोडे दाखवतो, शेजाऱ्याचेच जास्त दाखवतो.

रात्रीचा प्रश्न दिव्याचा. निर्यातीचा माल करणाऱ्यांना हे ठाऊक असते. तिथे एकाच शेडचा तुकडा पेटीत ठेवून डी ६५ म्हणजे दिवसाच्या उजेडात, टी एल ८४ म्हणजे युरोपातील दुकानांच्या ट्यूबखाली आणि जुन्या पिवळ्या बल्बखाली असा तीनदा पाहतात. एका दिव्याखाली जुळणारे दोन रंग दुसऱ्याखाली फुटतात. घरात पेटी नको. एलईडीच्या खोक्यावर आकडा छापलेला असतो: ६५०० असेल तर उजेड निळसर, ३००० असेल तर पिवळसर, ४००० मधला. आधी दिवे बसवा, मग रंग निवडा. आमच्याकडे उलटे झाले. ६५०० च्या दिव्याखाली निळसर भिंत, त्यात दूधसुद्धा पाणी घातल्यासारखे दिसायचे.

कपाटे पिवळी का पडली

कपाटांना आम्ही ऑइल पेंट दिला होता, पिढ्यान्‌पिढ्या देतात तसा. चार दिवसांनी भिंतींना इमल्शन लागले. पावसाळा होता, खिडक्या बंद. महिन्याभरात कपाटे हस्तिदंती झाली, आणि दाराच्या आतल्या बाजू तर तुपासारख्या. मी दुकानदाराशी भांडलो. त्याने शांतपणे सांगितले ते नंतर इतरांकडूनही पडताळून पाहिले, आणि ते खरे आहे. तेलाच्या रंगातील तेल हवेने सुकते तेव्हा पिवळे होतेच, अंधारात जास्त. म्हणून दाराची आतली बाजू आधी जाते. बऱ्याच इमल्शनमध्ये थोडा अमोनिया असतो. तो भिंत सुकताना हवेत सुटतो आणि शेजारच्या ताज्या पांढऱ्या ऑइल पेंटला झपाट्याने पिवळा करतो. खिडक्या बंद म्हणजे दुहेरी नुकसान. अमोनिया असलेल्या साफसफाईच्या द्रवानेही तेच होते.

यावर उपाय दोन. ऑइल पेंटच द्यायचा तर आधी भिंती करा, आठवडाभर हवा खेळू द्या, मग कपाटे. त्याहून बरे म्हणजे कपाटांना पाण्याचे इनॅमल किंवा न पिवळणारे पीयू फिनिश द्या. महाग पडते, पण पांढऱ्यासाठी तोच मार्ग. मात्र पाण्याच्या रंगाखाली प्रायमर चांगला हवा. सागवानी लाकूड किंवा गाठी असतील तर लाकडाचा तपकिरी रस वर येतो आणि पांढऱ्यावर चहाचे डाग पडल्यासारखे दिसते. तो रस अडवायला चपडा लाखेचा हात उत्तम, आपले जुने सुतार तो देतच होते. आणि पाण्याचा रंग दोन तासांत हाताला सुका लागला तरी पुरता कडक व्हायला दोन ते चार आठवडे घेतो. तोवर दारे आपटू नयेत, ओल्या फडक्याने घासू नयेत. आमच्या सुनेने तिसऱ्या दिवशी दार घासले, तो ओरखडा अजून आहे.

चकाकीबद्दल थोडक्यात. कपाटांना अर्धी चकाकी, भिंतींना धुता येणारे सॅटिन. पूर्ण मॅट भिंत हळद पिते. पूर्ण चकचकीत भिंतीवर पुट्टीची एकेक लाट दिसते. हळदीचा डाग लागलाच तर साबणाने पुसून उन्हाची वाट पाहा, हळदीचा रंग उजेडात उडतो.

अम्मीची नजर

खरा प्रश्न यापुढचा. अम्मीचे वय ७८. चहा अजून स्वतः करते आणि त्यात कोणाची मदत घेत नाही. तिच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, डाव्याचे बाकी होते. नव्या भिंतीकडे एकेक डोळा झाकून पाहत ती म्हणाली, "या डोळ्याने नीळ दिसते, त्या डोळ्याने तूप." सर्वजण हसले. पण ती बरोबर सांगत होती. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळे होत जाते आणि निळा उजेड अडवते. नवे भिंग बसले की तो पुन्हा आत येतो. एका घरात एकच पांढरा सर्वांना सारखा दिसत नसतो.

काही दिवसांनी ती वरच्या कपाटाच्या उघड्या दारावर आदळली. भुवईवर दोन टाके पडले. डॉक्टरांनी विचारले, चक्कर आली का? चक्कर नव्हती. समोरून पाहताना दाराची जाडी म्हणजे बोटभर पांढरी पट्टी, मागे पांढरी भिंत. तिला दार दिसलेच नाही. मी रंगावर एवढी हुज्जत घातली होती, पण हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

रंग किती उजेड परत देतो याला शंभरपैकी गुण देतात. स्वच्छ पांढऱ्याला ८५ च्या वर मिळतात, सायीच्या रंगाला त्याहून थोडे कमी. कमी दिसणाऱ्या माणसाला दोन पृष्ठभाग वेगळे कळावेत म्हणून इंग्लंडमध्ये इमारतींसाठी ३० गुणांचा फरक धरतात. दोन पांढऱ्यांत तो कधीच येत नाही, मग शेडकार्डावरची नावे कितीही वेगळी असोत.

दुसऱ्यांदा काम काढले तेव्हा टाइल मधोमध ठेवली. पुठ्ठ्याचे तीन तुकडे घेऊन त्यांवर तीन पांढरे, प्रत्येकी दोन हात मारून, सुकवून टाइल्सशेजारी लावले. ओला रंग पाहून निर्णय घेऊ नये, सुकल्यावर तो बदलतो. सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावून असे तीन दिवस पाहिले. थेंबभर पिवळी माती आणि त्याहून कमी काळा असलेला पांढरा ठरला. भिंत आणि कपाटे दोन्हींना तोच, फक्त चकाकी वेगळी. दिवे ४००० चे केले. वरच्या कपाटांच्या दारांच्या चारही कडा गडद तपकिरी रंगवल्या, मुठी काळ्या बसवल्या. मिस्त्री नाराज होता, म्हणाला कडा रंगवलेले काम अडाणी दिसते. अम्मीने डावा डोळा झाकून पाहिले, मग उजवा, आणि चहाचे आधण ठेवले.

उरलेला रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवला आहे. झाकणावर शेडचा नंबर, यंत्रातून निघालेली मापाची चिठ्ठी आणि तारीख चिकटवली आहे. ओरखडा निघाला की तोच डबा पुन्हा बनवता येतो. सुनेच्या त्या ओरखड्यावर अजून हात मारायचा आहे.