बाथरूमच्या खिडकीतील फुलझाडे आणि मर्यादक घटकांचा नियम

बाथरूमची हवा दमट असते, म्हणून तिथे फुलझाडे चांगली येतात, असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा पाने हिरवी राहतात, पण कळी धरत नाही. याचे कारण आपण बेंगळुरूच्या के. आर. पुरम भागातील फ्लॅटच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

१. नियम

एफ. एफ. ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मर्यादक घटकांचा नियम मांडला. एखादी क्रिया अनेक घटकांवर अवलंबून असेल, तर तिचा वेग त्यांपैकी सर्वांत अपुरा घटक ठरवतो. बाथरूममध्ये हा अपुरा घटक बहुधा प्रकाश असतो. ज्या प्रकाशात प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन समसमान होतात, त्याला भरपाई बिंदू म्हणतात. त्याच्या जरा वर झाड जगते. मात्र फुलांसाठी शिल्लक साखर उरत नाही. अशा वेळी आर्द्रता किंवा खत वाढवून उपयोग होत नाही. शिवाय अंघोळीनंतरची वाफ एक्झॉस्ट पंख्याने थोड्याच वेळात निघून जाते.

२. प्रकाशाचे मोजमाप

दुपारच्या मोकळ्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. आफ्रिकन व्हायोलेटला नीट फुलण्यासाठी सुमारे १०,००० लक्स लागतात. आपले डोळे अंधुक उजेडाला सरावतात, त्यामुळे नुसत्या नजरेने अंदाज चुकतो. मोबाइलवरील लक्समापक अचूक नसला तरी दोन जागांची तुलना करायला पुरेसा आहे. मोजणी पानांच्या उंचीवर करावी. दुधी काच ऊन पसरवते आणि पाने करपण्यापासून वाचवते, पण थोडा प्रकाश अडवतेही.

३. खिडकीची दिशा

के. आर. पुरम सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे एप्रिलअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तर डिसेंबरमध्ये तो दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन आत येते आणि उत्तरेच्या खिडकीत येत नाही. समोरची इमारत अगदी जवळ असेल, तर दिशेपेक्षा दिसणारे आकाश महत्त्वाचे ठरते.

४. झाडांची निवड

पूर्वेची खिडकी: सकाळच्या कोवळ्या उन्हात आफ्रिकन व्हायोलेट आणि फॅलेनोप्सिस ऑर्किड चांगले येतात. फॅलेनोप्सिसला फुलाचा दांडा धरण्यासाठी काही आठवडे सुमारे २५ अंश सेल्सिअसखालील तापमान लागते. बेंगळुरूच्या हिवाळ्यातील थंड रात्री त्यासाठी मुंबईपेक्षा अनुकूल असतात.

उत्तरेची खिडकी: पीस लिली लावावी. ती कमी प्रकाशात तग धरते, पण फुले हवी असतील तर काचेजवळच ठेवावी.

दक्षिण किंवा पश्चिमेची खिडकी: अँथुरियम किंवा बेगोनिया पातळ पडद्याआड ठेवावा.

पीस लिली आणि अँथुरियममध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून ही झाडे दूर ठेवावीत.

५. पाणी

कमी प्रकाशात झाड पाणी कमी ओढते आणि दमट जागी माती उशिरा वाळते. म्हणून ठरावीक वारी पाणी न घालता बोट मातीत खुपसून पाहावे. वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे, नाहीतर मुळे कुजतात. बोअरवेलच्या जड पाण्याने मातीवर क्षारांचा पांढरा थर साचतो; शक्य असेल तेव्हा पावसाचे पाणी वापरावे. आफ्रिकन व्हायोलेटच्या पानांवर थंड पाणी पडू देऊ नये, डाग पडतात. कुंडीखालच्या ताटलीतील पाणी आठवड्यातून किमान एकदा ओतून ताटली घासावी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची वाढ अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात होते.

सराव

एकाच जातीची दोन झाडे घ्या. एक खिडकीत आणि दुसरे एक मीटर आत ठेवा. पाणी व खत सारखेच द्या. दोन महिने दर आठवड्याला लक्स, नवी पाने आणि कळ्या नोंदवा. दोन्ही झाडांना हवा सारखीच दमट मिळत असताना कळ्यांच्या संख्येत फरक पडला, तर मर्यादक घटक कोणता, हे नोंदींच्या आधारे लिहा.