खडीची वाट आणि आमच्या सायकली

सायकल ही गरिबाची गाडी, असे ऐकतच आपली पिढी लहानाची मोठी झाली. आमचे वडील चोवीस इंची ॲटलास सायकलवरून कारखान्यात जात. डब्याची पिशवी हँडलला आणि आम्ही मधल्या दांडीवर, असे आमचे बालपण गेले. पुढे घरात स्कूटर आली आणि सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. आता मात्र उलटा प्रकार दिसू लागला आहे. चांगल्या पगाराची तरुण मंडळी लाखाच्या घरात पैसे मोजून सायकल घेतात आणि ती डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडीच्या, मुरमाच्या वाटेने चालवतात. या सायकलीला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे आपली खडी.

ही सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, खाली वाकलेल्या हँडलची असते. फरक टायरमध्ये आहे. शर्यतीच्या सायकलीचे टायर बारीक आणि दगडासारखे कडक असतात. हिचे टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद असतात व त्यांत हवा कमी ठेवतात, म्हणजे खडीवर चाक उडत नाही, घसरत नाही. चढासाठी हलके गिअर आणि उतारासाठी डिस्क ब्रेक असतात. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात २००६ साली कच्च्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली आणि हा प्रकार जगभर गाजला. २०२२ साली इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. लोक या वाटांवर का जातात, याचे उत्तर सोपे आहे. तिथे ट्रक नाहीत, मोटारी नाहीत, कर्णा नाही, धूर नाही.

आमच्या मंडळातील इंजिनियर झालेल्या एका मुलाने अशी सायकल घेतली आणि सर्वांना दाखवायला आणली. आमच्या आईने तिला हात लावून पाहिले, किंमत विचारली आणि म्हणाली, "अरे बाबा, खडीवरून जायला एवढे पैसे? आम्हाला तर खडीवर बसायचे पैसे मिळत होते."

मुलांना या बोलण्याचा अर्थ कळला नाही. मग आईनेच सांगितले. १९७२ सालचा दुष्काळ. आई तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. माहेर पारनेर तालुक्यात. शेतात दाणा नाही, विहिरीत पाणी नाही. सारा गाव दुष्काळी कामावर. पुरुषांनी दगड काढायचा, बायका-पोरींनी हातोडीने त्याची खडी करायची. डोळ्यांत कपची जाई, बोटे चेचत. मजुरी ब्रासवर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि दिवसभर दोघी-तिघी बसल्या तरी ब्रास भरत नसे. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांत आपल्या समाजाचे भूमिहीन बंधू आणि भगिनी मोठ्या संख्येने होते, हे सांगायला कोणत्या ग्रंथाची गरज नाही. आपल्या वस्तीतील कोणत्याही साठी-सत्तरीच्या माउलीला विचारावे. याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना पक्की झाली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली देशभरासाठी जो कायदा आला त्याची वाटही इथूनच गेली.

असो. आईचे बोलणे ऐकून आम्ही ठरवले की, आपणही एकदा खडीची वाट धरायची. हिवाळ्याचे दिवस पाहून आम्ही नऊ जण निघालो. त्यांत दोन मुली होत्या. खरी ग्रॅव्हल बाईक एकच. बाकी गिअरच्या साध्या सायकली आणि आमची तर भाच्याची मागून आणलेली. जुन्नरपर्यंत सायकली टेम्पोत घातल्या आणि तिथून पश्चिमेला डोंगराकडे वळलो.

जुन्नर हे गाव आपल्याला लेण्यांमुळे ठाऊक आहे. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. पाडळी गावाजवळच्या तुळजा लेण्यात आम्ही प्रथम थांबलो. तेथील चैत्यगृह गोल आहे. मध्ये स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमटासारखे छत. वंदन करून मुले शांत बसली. या परिसरातील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणारे आहेत, काशाची भांडी घडवणारे आहेत आणि यवन म्हणजे परदेशी माणसेही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी हाताने काम करणाऱ्या माणसांच्या संघांनी दिलेले दान दगडावर लिहून ठेवले गेले, ही गोष्ट आम्ही मुलांना मुद्दाम सांगितली. खडी फोडणाऱ्यांचे नाव मात्र कोणत्या रस्त्यावर लिहिलेले आम्ही पाहिले नाही.

जुन्नरहून नाणेघाटाला डांबरी रस्ता आहे, पण सुटीच्या दिवशी त्यावर मोटारींची गर्दी असते. म्हणून जमेल तिथे आम्ही तो सोडला आणि वाड्या-वस्त्यांना जोडणाऱ्या मुरमाच्या वाटा धरल्या. चाकाखाली खडी करकरत होती, बांधावरच्या बाया हात वर करून हसत होत्या, शाळेतली मुले मागे धावत होती. हा सगळा आदिवासी मुलूख, बहुतेक महादेव कोळी समाजाचा. भातशेती आणि रानातला हिरडा यांवर संसार. चावंडचा किल्ला उजव्या-डाव्या हाताला दिसत राहतो. शहरात आमच्या मुलींना सायकल घेऊन मुख्य रस्त्यावर पाठवायचे म्हणजे जीव टांगणीला लागतो. इथे त्या दोघी सर्वांच्या पुढे निघून गेल्या आणि आम्हाला काळजी वाटली नाही.

एका वाडीत पाणी प्यायला थांबलो. आमच्यातला एक मुलगा आनंदाच्या भरात म्हणाला, "हा रस्ता असाच राहिला पाहिजे. डांबर पडले की मजा गेली." ओट्यावर हिरडे निवडत बसलेल्या आजी हे ऐकत होत्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळा, तुम्ही आज आला, उद्या जाल. आम्हाला रोज जायचंय. पावसाळ्यात सून अडली, तर चौघांनी डोलीत घालून न्यावं लागलं. चिखलात पाय निघंना." मुलगा खाली मान घालून उभा राहिला. आम्हीही गप्प झालो, कारण सकाळपासून आमच्या मनातही तेच आले होते.

वाचकहो, या प्रवासात आम्ही जे शिकलो ते हेच. मोटार नसलेली वाट पाहुण्याला सुखाची असते, पण तिथे राहणाऱ्याला तो कित्येकदा वनवास असतो. आजींच्या वाडीला पक्का रस्ता मिळालाच पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे आणि आमच्या सायकलीच्या हौसेपेक्षा तो मोठा आहे. मात्र पक्का रस्ता झाल्यावर जुन्या पांदणी, बैलगाडीच्या वाटा, पायवाटा मोडून टाकण्याचे कारण नाही. रुग्णवाहिकेला डांबरी रस्ता असावा, आणि शाळेत जाणारी मुलगी, गुराखी, सायकलवाला यांना मोटारीविना वाट असावी. दोन्ही एकाच गावात नांदू शकतात. आणि अशा वाटेवर पाहुणा येणार असेल, तर त्याचे चार पैसे गावात राहिले पाहिजेत. आम्ही त्या रात्री एका घरी मुक्काम केला. पिठलं-भाकरीचे व राहण्याचे पैसे माणशी आधीच ठरवले आणि घरच्या बाईच्या हातात दिले. त्यात घासाघीस केली नाही.

दुसऱ्या दिवशी नाणेघाट गाठला. सायकली वरच ठेवल्या, कारण घाटाची वाट दगडी पायऱ्यांची, पायीच उतरण्याची आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातला माल याच वाटेने वर येऊन जुन्नरमार्गे पैठणकडे जाई. वरच्या बाजूला दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून ओळखला जातो. गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात दानाचे आकडे आहेत आणि आपल्या देशातील अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ते मोडतात. आयुष्य खतावण्यांत गेलेल्या आमच्यासारख्या कारकुनाला ते पाहून केवढा आनंद झाला, हे काय सांगावे!

ज्यांना असे जायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. महागड्या सायकलीवाचून अडत नाही. थोडे रुंद टायर, चांगले ब्रेक आणि जादा ट्यूब असली म्हणजे पुरे. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी. डोक्याला हेल्मेट हवेच. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, खडीवर चाक सरकते. पाणी भरपूर न्यावे. पावसाळा टाळावा. जुन्नर भागात बिबट्यांचा वावर आहे, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रही आहे, म्हणून दिवस मावळण्याआधी मुक्काम गाठावा. प्लॅस्टिकचा कागद रानात टाकू नये आणि लेण्यांच्या भिंतीवर नाव कोरू नये.

घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "खडी बारीक होती का मोठी?" आम्ही सांगितले, काही ठिकाणी बारीक, काही ठिकाणी बोचणारी. ती म्हणाली, "बारीक असंल तर कुणीतरी मन लावून फोडली म्हणायची." त्या दिवशी प्रथमच आम्ही आईजवळ बसून तिच्या दुष्काळी कामाची सारी हकिकत वहीत उतरवून घेतली. कोणता रस्ता, कोणता मुकादम, सोबत कोण कोण, कोणाला किती मजुरी.

आपणही या हिवाळ्यात मुलांना सायकलवर बाहेर काढावे. आणि निघण्याआधी आपल्या आईला, आजीला विचारून घ्यावे की, तिने कोणत्या रस्त्याची खडी फोडली. जमल्यास त्याच रस्त्यावर आधी जावे.